४११०३० चे अवयव पाडताना

प्रश्न : आमच्या सदाशिव पेठेचा पिनकोड ४११०३०. त्याचे मूळ अवयव पाडताना शेवटी ४५६७ उरतात आणि तिथेच अडायला होतं. ४११०३० चं वर्गमूळ ६४१ च्या जरा वर येतं. मग ६४१ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं का?

उत्तर : मुळीच नाही. एकेक अवयव निघाला की मर्यादाही खाली येते, आणि नेमकं हेच विसरलं जातं. २ ने भागल्यावर २०५५१५, मग ३ ने ६८५०५. इथून लगेच ५ कडे वळू नका. ६+८+५+०+५ = २४, म्हणजे ३ ने अजून एकदा भाग जातो : २२८३५. याच्या अंकांची बेरीज २०, तेव्हा ३ चं काम संपलं. ५ ने भागून ४५६७.

आता वर्गमूळ घ्यायचं ते ४५६७ चं. ६७ चा वर्ग ४४८९, ६८ चा ४६२४. दोन्ही अवयव ६७ च्या वर असते, तर गुणाकार किमान ४६२४ झाला असता. म्हणून ६७ ला थांबायचं. ६४१ पर्यंत ११६ मूळ संख्या आहेत. तुम्हाला तपासायच्या आहेत ७ ते ६७ मधल्या अवघ्या १६.

प्रत्येक वेळी बाकी काढा, कॅल्क्युलेटरवरच्या दशांशांवर विसंबू नका. संख्या खूप मोठी असली की पूर्णांकानेच पडदा भरतो, दशांश दिसत नाहीत आणि भाग पूर्ण गेल्यासारखा वाटतो. ६१×७४ = ४५१४, बाकी ५३. ६७×६८ = ४५५६, बाकी ११. सोळांपैकी एकानेही भाग जात नाही, म्हणजे ४५६७ ही मूळ संख्याच. चार, पाच, सहा, सात ओळीने, आणि तीही मूळ संख्या! पेठेचा पिनकोड म्हणजे ९० × ४५६७, हे फार देखणं आहे.

४११०३० = २ × ३² × ५ × ४५६७. प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणा : २×३×२×२ = २४ विभाजक.

प्रश्न : ही संख्या दोन पूर्ण वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येईल का?

उत्तर : नाही, आणि ते एकही वर्ग न मांडता कळतं. ४ ने भागल्यावर ३ बाकी ठेवणारी प्रत्येक मूळ संख्या अवयवांत सम वेळा यावी लागते. ३ दोनदा आला आहे, त्याची अडचण नाही. ४५६७ चे शेवटचे दोन अंक ६७, ४ ने भागून बाकी ३, आणि ही संख्या आली आहे एकदाच.

प्रश्न : डेक्कन जिमखान्याच्या ४११००४ ला ११ ने भाग जातो, हे न भागता कसं ओळखायचं?

उत्तर : अंक आलटून पालटून अधिक-उणे करा : ४−१+१−०+०−४ = ०. उत्तर ० किंवा ११ ची पट आली की भाग जातो. ४११००४ = २² × ११ × ९३४१. ९३४१ मूळ संख्या आहे. त्यासाठी ८९ पर्यंत तपासावं लागतं. ही संख्याही दोन वर्गांची बेरीज होत नाही, कारण ११ एकटाच आहे.