टॉर्चचे लुमेन, सेलचा हिशेब आणि डब्यावरच्या थापा

या वेळी टॉर्चवर इतके प्रश्न आलेत की बाकीचे विषय पुढच्या अंकात ढकलले. सुरुवात करण्याआधी एक खुलासा करतो, नाहीतर गोंधळ होईल. आपण बोलताना टॉर्चलाच बॅटरी म्हणतो, त्यामुळे निम्म्या पत्रांत "बॅटरीची बॅटरी गेली" असली वाक्यं आहेत आणि नक्की काय गेलं ते मला तीनदा वाचून कळलं. तर इथे टॉर्च म्हणजे अख्खी वस्तू आणि सेल म्हणजे आतला. विजेरी हा शब्द छान आहे पण बोलताना तो कुणाच्या तोंडी येतो का, तुम्हीच सांगा.

प्रश्न : ऑनलाइन १,००,००० लुमेनचा टॉर्च मागवला. आत एकच सेल आहे, त्यावर ९९०० एमएएच लिहिलंय. माझ्याकडे आधीपासून एक १००० लुमेनचा आहे, दोन्ही भिंतीवर मारून बघितले तर जुनाच जास्त पडतो. पीस खराब आलाय का?

पीस खराब नाहीये हो, आकडा खराब आहे. आणि हे ओळखायला कुठलं मशीन लागत नाही, गुणाकार-भागाकार पुरतो.

लुमेन म्हणजे एकूण उजेडाचं माप. टॉर्चमधला चांगला एलईडी एका वॉटला साधारण १०० ते १५० लुमेन देतो. उदार होऊन १५० धरा. म्हणजे लाख लुमेनला जवळजवळ ६७० वॉट लागले. आता सेल बघा. तुमच्या टॉर्चमधला तो जाडा सेल १८६५० असणार, म्हणजे १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी, आणि शेवटचा शून्य म्हणजे गोल नळीच्या आकाराचा, इतकंच त्या नंबरात आहे. या साइजचा उत्तम सेल ३५०० एमएएचच्या आसपास असतो, व्होल्टेज सरासरी ३.६, म्हणजे साडेबारा वॉट-अवर ऊर्जा झाली. ६७० वॉटने ती ओढली तर सेल एका मिनिटात रिकामा. आणि तेवढा करंट म्हणजे १८० अँपिअरच्या वर, तो या सेलमधून येतच नाही, दमदार सेल असला तरी १० ते ३० अँपिअरपर्यंत जातो. १० अँपिअर धरले तर ३६ वॉट होतात, म्हणजे अगदी वरच्या टोकाला पाचेक हजार लुमेन, तेही टॉर्च हातात धरवणार नाही इतका तापेपर्यंत.

राहिले ते ९९००. सेल बाहेर काढा आणि स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा. खरा १८६५० पंचेचाळीस ते पन्नास ग्रॅम भरतो. मी एका असल्याच टॉर्चमधला ठेवून बघितला होता तर काटा तिशीच्या आतच थांबला, नंतर चार्जरवर मोजला तेव्हा कपॅसिटी हजारही भरली नाही. ऊर्जा मसाल्यात असते, छापील कागदात नाही, त्यामुळे हलका सेल म्हणजे आत मालच कमी.

परत करता येत असेल तर करा. नसेल तर टॉर्च वापरा, पण तो सेल मात्र रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नका.

प्रश्न : माझ्या डोक्याला बांधायच्या टॉर्चवर १२०० लुमेन आहेत, मित्राच्या हातातल्यावर ५०० च, तरी त्याचा झोत कुठल्या कुठे जातो आणि माझा समोरच्या झाडापर्यंत. असं कसं?

कारण लुमेन म्हणजे टॉर्चच्या तोंडातून बाहेर पडलेला एकूण प्रकाश, तो कुठे गेला याच्याशी लुमेनला काही देणंघेणं नाही. झोत किती एकवटलाय ते कॅन्डेलात मोजतात, आणि लांब काय दिसणार ते त्याच्यावर ठरतं.

डब्यावर जे "बीम डिस्टन्स" मीटरमध्ये लिहितात ना, ते कुणी मैदानात चालत जाऊन मोजलेलं नसतं, कॅन्डेलावरून काढलेलं असतं. एफएल-१ नावाचं एक अमेरिकन स्टँडर्ड आहे, २००९ साली आलं, त्याच्यात व्याख्या अशी की जिथे प्रकाश पाव लक्स उरतो तिथवरचं अंतर धरायचं. पाव लक्स म्हणजे साधारण निरभ्र रात्रीच्या पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड. हिशेब सोपा आहे, कॅन्डेलाचं वर्गमूळ काढा आणि दुप्पट करा. तुमचा समजा ३६०० कॅन्डेलाचा असेल तर १२० मीटर, त्याचा ४०,००० कॅन्डेलाचा असेल तर ४०० मीटर. म्हणजे लुमेन निम्म्याहून कमी असून झोत तिपटीच्या वर. आणि अंतर दुप्पट करायचं तर कॅन्डेला चौपट लागतात, म्हणून लांब मारणारे टॉर्च एकदम मोठ्या तोंडाचे होत जातात.

पण ४०० मीटरवर चांदणं पाडून काय दिसणार, तिथे म्हैस आहे की झुडूप ते कळायला जास्त उजेड लागतो. मी डब्यावरच्या अंतराचं निम्मंच धरतो, तिथे चौपट म्हणजे एक लक्स मिळतो, आणि नीट ओळखायचं असेल तर पाव धरा.

हे सगळं घडतं एलईडीच्या पुढे काय बसवलंय त्यावर. खोल, गुळगुळीत, मोठा रिफ्लेक्टर आणि मधे बारीक एलईडी असला की भिंतीवर मधोमध लख्ख ठिपका आणि भोवती फिकट वर्तुळ पडतं. रिफ्लेक्टर संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत असेल तर तो ठिपका कडेला विरघळतो, जवळच्या कामाला ते बरं पडतं. डोक्याच्या टॉर्चला मुद्दामच पसरट उजेड देतात, पायाखालचं दिसायला हवं म्हणून, तेव्हा तुमचा टॉर्च वाईट नाहीये, त्याचं कामच वेगळं आहे.

याच्यातच एका वाचकाने झूमवाल्याबद्दल विचारलंय. तो पूर्ण झूम करून भिंतीवर मारा, पिवळसर कडांचा एक चौकोन दिसेल, ते एलईडीच्या चिपचं मोठं केलेलं चित्र असतं. बघायला भारी वाटतं. पण भिंग पुढे गेल्यामुळे बाजूला जाणारा बराच प्रकाश नळीच्या आतल्या भिंतींवरच आदळून वाया जातो, म्हणजे झूम केल्यावर लुमेन कमी होतात आणि तरी लांब जातं.

प्रश्न : "१००० लुमेन, ४० तास" असं लिहिलेला नामांकित टॉर्च आहे. पाच मिनिटांत उजेड उतरतो. फसवणूक?

फसवणूक म्हणणार नाही, पण दोन वेगळ्या वाक्यांतला एकेक शब्द उचलून एक वाक्य केलंय.

आधी वरचाच हिशेब लावा. १००० लुमेनला आठ ते दहा वॉट लागतात, सेलमध्ये साडेबारा वॉट-अवर आहेत, म्हणजे पूर्ण उजेडात सव्वा-दीड तास, बस. ४० तास हवे असतील तर पंचवीस-तीस सेल डोक्यावर घेऊन फिरावं लागेल. तेव्हा हे ४० तास सगळ्यात मंद मोडचे असणार, डब्यावर कुठेतरी बारीक अक्षरात असेल बघा.

दुसरी गंमत स्टँडर्डमध्येच आहे. लुमेन मोजायचे ते टॉर्च लावल्यानंतर ३० सेकंद ते २ मिनिटं या वेळात. आणि रनटाइम मोजायचा तो ३० व्या सेकंदाला जितका उजेड होता त्याच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत. म्हणजे एखादा टॉर्च तीन मिनिटं हजार देऊन मग ३०० वर बसला आणि तसाच तीन तास चालला तरी डब्यावर हजार लुमेन, तीन तास असं लिहिता येतं, आणि नियमाप्रमाणे ते चूक नाही!

तो उतरतो का, तर तापतो म्हणून. एलईडीला गरमी सोसत नाही, म्हणून आतला ड्रायव्हर, म्हणजे करंट सांभाळणारं ते रुपयाएवढं सर्किट, तापमान बघून स्वतःच करंट कमी करतो. टॉर्च टेबलावर उभा ठेवलात तर तो लवकर उतरेल, हातात धरलात तर उशिरा, कारण तुमच्या हातातलं रक्त त्याची गरमी ओढून नेतं. घेताना कंपनीने उजेड-वेळेचा ग्राफ दिलाय का बघा, त्यातली सपाट रेघ किती लुमेनवर आहे तो तुमचा खरा टॉर्च. माझ्याकडचा १००० वाला खरं तर ३५० चा आहे, आणि मी त्याच्यावर खूश आहे.

हो, आणि ३५० म्हणजे हजाराच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा अंधुक दिसतो असंही नाही. डोळ्याला दुप्पट उजेड वाटायला लुमेन चौपटीच्या आसपास वाढवावे लागतात, म्हणून ८०० आणि १००० मधला फरक तुम्हाला दिसणारसुद्धा नाही.

प्रश्न : दोन पेन्सिल सेलच्या टॉर्चमध्ये त्याच साइजचे लिथियमचे चार्जिंगचे सेल घातले, एकदा झक्क पेटला आणि मग कायमचा गेला. सेल तर बरोबर बसले होते.

बसले होते, पण ते पेन्सिल सेल नव्हते, १४५०० होते. उंची-जाडी तीच, व्होल्टेज वेगळं. साधा सेल दीड व्होल्टचा, हा भरलेला असताना ४.२ चा. दोन मिळून तीनच्या जागी ८.४ व्होल्ट गेले, ड्रायव्हर जळाला. टॉर्चवर १४५०० चालतो असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घालायचा. चार्जिंगचेच हवेत तर एनआयएमएच, म्हणजे निकेल-मेटल हायड्राइडचे घ्या, ते १.२ व्होल्टचे असतात पण लोड आला तरी टिकून राहतात, बहुतेक टॉर्चना चालतात.

आणि एक नवा, एक जुना असं कधीही घालू नका, मी स्वतः केलंय म्हणून सांगतो. जुना आधी संपतो, नवा त्याच्यातून जबरदस्तीने करंट ढकलत राहतो आणि जुना पाझरतो. दोन महिन्यांनी झाकण उघडायला गेलो तर आटे धरलेले, स्प्रिंगवर पांढरी बुरशीसारखी खपली. अल्कलाइन सेलमधलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येऊन हवेने पोटॅशियम कार्बोनेट झालेलं असतं ते, हाताला लागू देऊ नका. कापसाच्या काडीला व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून पुसलं की फसफसून निघतं, मग पाण्याच्या ओल्या काडीने पुसून पूर्ण वाळवायचं. माझा वाचला, स्प्रिंग मात्र काळी पडली ती पडलीच.

प्रश्न : आयपीएक्स ७ म्हणजे पोहताना चालेल ना?

नाही. एक मीटर पाण्यात अर्धा तास, इतकीच ती परीक्षा, तीही थांबलेल्या पाण्यात. आयपीएक्स ४ म्हणजे नुसते शिंतोडे, पावसाला ठीक. पाण्याखाली वापरायचा तर डायव्हिंगचाच घ्या. आणि तो एक्स म्हणजे धुळीची परीक्षा सांगितलेलीच नाही, लोकांना तो भारीपणाचा काहीतरी शिक्का वाटतो.

पाणी अडवतं कोण, तर आट्यांजवळची ती काळी रबरी रिंग. ती कोरडी पडली की चिरते, वर्षातून एकदोनदा सिलिकॉन ग्रीस लावा. घरातली पेट्रोलियम जेली फासू नका, काही रबरं त्याने फुगतात.

प्रश्न : पांढराशुभ्र उजेड चांगला की पिवळसर?

डब्यावर जिंकायला शुभ्र, काम करायला पिवळसर. पांढरा एलईडी मुळात निळाच असतो, वर पिवळ्या फॉस्फरचा थर दिलेला असतो. थर पातळ असला की उजेड निळसर, लुमेन जास्त आणि लाल रंग गरीब. फ्यूज बॉक्स उघडून बसलात आणि लाल आणि तपकिरी वायर सारखीच दिसायला लागली की कळतं. रंग ओळखायचे असतील तर सीआरआय, म्हणजे उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा, ९० च्या वरचा बघा, लुमेन थोडे कमी मिळतील, मिळू द्या.

प्रश्न : टॉर्च कपाटात चार्ज करून ठेवला होता, सहा महिन्यांनी काढला तर ठार मेलेला. एकदाही वापरला नव्हता.

तुम्ही वापरला नव्हता पण बटण जागं होतं. ज्यांचं बटण हलकेच दाबलं की चालतं, खट्ट आवाज करून अडकत नाही, त्यांच्यात बटण दाबलं जातंय का ते बघायला सर्किट कायम थोडा थोडा करंट पीत बसतं. चांगल्या टॉर्चमध्ये ते नगण्य असतं, भिकार डिझाइनमध्ये काही महिन्यांत सेल संपतो. आणि बॅगेत बटण चुकून दाबलं गेलं तर आणखी वाईट, हजार लुमेनचा टॉर्च अस्तराला चिकटून पेटला की अस्तर करपतं, माझ्या बॅगेला आतून एक तपकिरी गोल आहे.

यावर उपाय म्हणजे मागचं झाकण पाव आटा सैल करून ठेवायचं. बहुतेक टॉर्चच्या आट्यांवर अ‍ॅनोडायझिंगचा थर असतो, त्यातून वीज जात नाही, करंट जातो तो नळीच्या उघड्या कडेतून, त्यामुळे झाकण जरा सैल झालं की सर्किटच तुटतं. तुमच्या टॉर्चला जमतंय का ते आत्ताच करून बघा, सैल करून बटण दाबा, पेटला नाही तर काम झालं. पेटला तर तुमच्या आट्यांवर थर नाहीये, मग सेलच काढून वेगळा ठेवा. आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, नाहीतर अंधारात कुणीतरी बटण दाबत बसेल आणि म्हणेल बॅटरी गेली.