प्रश्न वाचकांचे : ऑनलाइन वर्ग अडतो कुठे?

ऑनलाइन अध्यापनाच्या प्रणाली वापरताना नेमके काय अडते, असे आम्ही गेल्या अंकात पुण्यातील शिक्षक व विद्यार्थी वाचकांना विचारले होते. आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची आणि त्यांच्या संस्थांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात दोन वर्षांपूर्वी मूडल ही ऑनलाइन अध्यापनाची प्रणाली सुरू झाली. दोन दिवसांचे प्रशिक्षणही झाले. तरीही एक टिपण चढवायला मला दहा-बारा मिनिटे लागतात आणि एवढे करून विद्यार्थी म्हणतात, ‘मॅडम, ग्रुपवर टाका ना!’ चूक आमची की मूडलची?
— एक प्राध्यापिका, कोथरूड

उत्तर : ‘ग्रुपवर टाका’ या वाक्याचा राग मानू नये, आपल्याला फुकट मिळालेला तो तपासणीचा अहवाल आहे. ग्रुपवरची फाइल एका स्पर्शात उघडते. मूडलवर विद्यार्थ्याला आधी पासवर्ड आठवावा लागतो, मग विषयांच्या यादीतून आपला विषय, विषयातून घटक आणि घटकातून फाइल शोधावी लागते, आणि इतकी पायपीट करून हाती लागलेल्या फाइलचे नाव ‘न्यू पीपीटी फायनल २’ असे निघते.

मूडल हे ऑस्ट्रेलियात मार्टिन डुगियामास यांनी घडवलेले मुक्तस्रोत सॉफ्टवेअर असून त्याची पहिली आवृत्ती २००२ मध्ये आली. तेव्हापासून जगभरच्या शिक्षणसंस्थांच्या गरजा त्यात भरत गेल्या, त्यामुळे एका महाविद्यालयाला लागतील त्यापेक्षा कितीतरी अधिक सोयी त्यात आहेत. त्यांतल्या कोणत्या शिक्षकासमोर ठेवायच्या आणि कोणत्या झाकायच्या, हे ठरवणे संस्थेच्या हाती असते, आणि बहुतेक ठिकाणी ते कोणीच ठरवलेले नसते.

मागे एका महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये मी अर्थशास्त्राच्या एका अनुभवी शिक्षिकेच्या शेजारी, काही न बोलता, अर्धा तास बसले होते. नवे काही जोडण्याचे बटण दाबताच चिन्हांनी भरलेली खिडकी उघडली. आपले टिपण म्हणजे ‘फाइल’, ‘फोल्डर’, ‘पेज’ की ‘बुक’, यावर त्या थबकल्या. पुढच्या अर्जात एकाखाली एक मथळे आले आणि प्रशिक्षणात सगळेच दाखवले होते म्हणून त्यांनी प्रत्येक मथळा उघडून, वाचून, भरून काढला. त्यांपैकी त्या टिपणासाठी खरोखर लागणाऱ्या गोष्टी दोनच होत्या : नाव आणि फाइल. बाकीचे जसेच्या तसे सोडले तरी चालते, हे दोन दिवसांच्या प्रशिक्षणात कोणी सांगितलेच नव्हते.

तेव्हा पहिले काम आपल्या प्रणालीच्या प्रशासकाकडे न्यावे. न वापरल्या जाणाऱ्या सोयी संपूर्ण संस्थेसाठी बंद करता येतात. फाइल, पान, दुवा, गृहपाठ आणि चाचणी एवढ्या पाच ठेवल्या तरी बहुतेक विभागांचे वर्ष निभावते. आपली आवृत्ती ४.० च्या आधीची असेल, तर ती बदलून घेण्याचा आग्रह धरावा, कारण एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या त्या आवृत्तीत पानांची मांडणी व फिरण्याची वाट बरीच सोपी केली गेली. दुसरे काम विभागाच्या बैठकीत होईल. सहा शिक्षकांनी सहा प्रकारे पाने मांडली, तर विद्यार्थ्याला एकच प्रणाली सहा वेळा शिकावी लागते. त्याऐवजी सर्वांनी आठवड्यांनुसार किंवा घटकांनुसार एकच मांडणी ठरवावी आणि फाइलला ‘घटक ३ : मागणीची लवचिकता’ असे वाचताक्षणी कळणारे नाव द्यावे.

त्यानंतर पाच विद्यार्थ्यांना, त्यांच्याच फोनवर, ‘मागच्या आठवड्याचे टिपण उघडा’ एवढेच सांगून शेजारी बसावे. वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांचे म्हणणे असे आहे की पाच जणांना वापरताना पाहिले की ठळक दोष बहुतेक सगळे दिसून येतात. अट एकच : मध्ये बोलायचे नाही. शिक्षकाला हीच अट सर्वांत जड जाते.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो. ऑनलाइन चाचणीत ‘रिकाम्या जागा भरा’ दिले, तर विद्यार्थ्याने अचूक लिहिलेले उत्तरही यंत्र चूक ठरवते. जुन्या प्रश्नसंचातला मजकूर चिकटवला तर अगम्य रोमन अक्षरे उमटतात.
— एक शिक्षक, सदाशिव पेठ

उत्तर : या दोन वेगळ्या व्याधी आहेत. दुसरी आधी घेऊ. आपला जुना प्रश्नसंच श्रीलिपी, शिवाजी किंवा कृतिदेव यांसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेला असणार. (युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षरांना ठरावीक क्रमांक देणारी जागतिक पद्धत.) अशा फाइलमध्ये संगणकाने साठवलेली अक्षरे मराठी नसतातच. वेगळ्याच अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी वळणे बसवलेली असतात. फॉन्ट गेला की वळण जाते आणि खालची अक्षरे उघडी पडतात. आप्पा बळवंत चौकाच्या परिसरात ज्यांनी वर्षानुवर्षे प्रश्नपत्रिका टंकून घेतल्या, त्या शाळांकडे अशा फाइलींचे गठ्ठे आहेत. परिवर्तकाच्या साहाय्याने मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो, मात्र त्यानंतर जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांखालून घालावेच लागतात.

पहिली व्याधी अधिक फसवी आहे, कारण ती दिसत नाही. ‘ॲसिड’ या शब्दातील पहिले अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिले जाते. त्यासाठी स्वतंत्र चिन्ह आहे, जे २००८ मध्ये युनिकोडमध्ये आले; आणि ‘अ’ला अर्धचंद्र जोडूनही तसेच दिसणारे अक्षर तयार होते. कोणता प्रकार उमटेल, हे फोनच्या कीबोर्डवर अवलंबून असते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्र क्रमांकांची तुलना करते आणि त्याच्या लेखी ते दोन वेगळे शब्द ठरतात. ‘दुसऱ्या’मधील ऱ्य चेही तेच : एक कीबोर्ड त्यासाठी ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरतो, तर दुसरा साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवतो. अंकांच्या बाबतीत तर विद्यार्थ्याने ‘15’ असे इंग्रजी अंकांत लिहिले आणि आपण उत्तर देवनागरीत भरले असेल, तरी गुण जातो.

मूडलच्या लघुत्तरी प्रश्नाला एकापेक्षा अधिक बरोबर उत्तरे देता येतात. तेव्हा संभाव्य सगळी रूपे तेथे भरावीत, आणि ती भरताना निदान दोन वेगळ्या फोनवरून टंकून घ्यावीत. उत्तरात तारकाचिन्ह वापरण्याचीही सोय आहे. ‘दुस*या’ असे दिले की मधल्या जागेत काहीही आलेले चालते. अर्थात मग ‘दुसरीया’ही उत्तीर्ण होतो, याची तयारी ठेवावी. माझे स्पष्ट मत असे की, जेथे शुद्धलेखनच तपासायचे आहे तेथे यंत्राला गुण देऊ देऊ नयेत. ऱ्हस्व-दीर्घाची चूक आणि कीबोर्डची तऱ्हा यांतला फरक त्याला कळत नाही, आणि पुण्यात दुसऱ्याच्या शुद्धलेखनातील चुका काढणाऱ्यांची उणीव कधीच नव्हती. अशा प्रश्नांसाठी योग्य पर्याय निवडणे किंवा जोड्या जुळवणे हा प्रकार घ्यावा, नाहीतर उत्तरे हाताने तपासावीत.

प्रश्न : गृहपाठाची मुदत १२ तारीख होती. मी १२ तारखेला दुपारी फाइल चढवली, तर ‘उशीर’ असा शेरा पडला. माझ्या मैत्रिणीने वेळेत चढवली, तरी तिची पोहोचलीच नाही म्हणतात.
— एक विद्यार्थिनी, हडपसर

उत्तर : आपल्या गृहपाठाच्या मुदतीपुढे ००:०० अशी वेळ असणार, आणि ती वेळ म्हणजे १२ तारीख सुरू होण्याचा क्षण. शिक्षकांनी फक्त तारीख बदलली आणि आपोआप भरून आलेली वेळ तशीच राहिली, तर विद्यार्थ्यांचा अख्खा दिवस जातो. शिक्षकांनी रात्री ११:५५ अशी वेळ घालावी. त्याहून बरे म्हणजे संध्याकाळी ६, कारण तेव्हा काही बिघडले तर विचारायला कोणी तरी जागे असते. मैत्रिणीची फाइल बहुधा ‘ड्राफ्ट’ अवस्थेत आहे. काही ठिकाणी फाइल ‘सेव्ह’ केल्यावर ‘सबमिट’ हे वेगळे बटण दाबावे लागते. ही अट शिक्षकांना प्रत्येक गृहपाठापुरती काढून टाकता येते. तुम्ही दोघींनी त्या पानाचा स्क्रीनशॉट शिक्षकांना दाखवावा.

प्रश्न : माझ्या फोनला रोज दीड जीबी डेटा मिळतो आणि धाकटा भाऊही तोच फोन वापरतो. तासभराच्या तासिकेचे रेकॉर्डिंग पाहणे परवडत नाही.
— एक विद्यार्थी, मुळशी तालुका

उत्तर : हिशेब करून पाहू. सेकंदाला ५०० किलोबिट अशा बेताच्या दर्जाच्या चित्रफितीला तासाला सुमारे २२५ एमबी लागतात. फळा नीट वाचता यावा एवढा दर्जा हवा असेल तर त्याहून बरेच अधिक. त्याच तासाचा नुसता आवाज सेकंदाला ३२ किलोबिटने साठवला, तर १५ एमबीही लागत नाहीत. म्हणून शिक्षकांना विनंती करावी की चित्रफितीबरोबर आवाजाची वेगळी फाइल आणि टिपण ठेवावे, व चित्रफितीचे दहा-दहा मिनिटांचे तुकडे करून प्रत्येकावर विषय लिहावा, म्हणजे न समजलेला भाग तेवढा पाहता येतो.

प्रश्न : माझा मुलगा दृष्टिहीन असून पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तो स्क्रीन रीडर वापरतो, पण निम्मी टिपणे त्याला वाचून दाखवली जात नाहीत.
— एक पालक, बिबवेवाडी

उत्तर : ती टिपणे बहुधा वहीची किंवा पुस्तकाची छायाचित्रे आहेत, पीडीएफ असे नाव असले तरी. ओळखण्याची खूण सोपी आहे : पडद्यावरील ओळ बोट दाबून निवडता आली, तर स्क्रीन रीडरला ती वाचता येण्याची शक्यता आहे, निवडता आली नाही, तर त्याच्या दृष्टीने ते पान कोरे आहे. शिक्षकांकडे मूळ वर्ड फाइल असेल तर तीच मागून घ्यावी. ती नसेल तर छायाचित्रातील मजकूर ओळखणारी सॉफ्टवेअर मराठीसाठीही उपलब्ध आहेत, मात्र हस्ताक्षरापुढे ती सहसा हात टेकतात. वेळ लावून घेतलेल्या चाचणीत एका विशिष्ट विद्यार्थ्याला जास्तीचा वेळ देण्याची सोय मूडलमध्ये आहे. ती बाकीच्यांची चाचणी न बदलता वापरता येते. हे सारे उपकार म्हणून मागू नये. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ आपल्या बाजूने आहे, तेव्हा प्राचार्यांना लेखी अर्ज करावा आणि त्याची पोच घ्यावी.

प्रश्न : आमची संस्था नवी प्रणाली विकत घेणार आहे. तीन कंपन्यांची सादरीकरणे झाली. तिन्ही उत्तम वाटली. निवड कशी करावी?
— एका शिक्षणसंस्थेचे विश्वस्त, नारायण पेठ

उत्तर : सादरीकरणात कंपनीचा माणूस स्वतःच्या संगणकावर स्वतःच्या सवयीचे बटण दाबतो, त्यामुळे तिन्ही उत्तम वाटणारच. आपल्या संस्थेतील संगणकाशी फारसे सख्य नसलेले दोन शिक्षक आणि चार विद्यार्थी बोलवावेत. शिक्षकांनी एक टिपण चढवावे, दहा गुणांची चाचणी लावावी आणि एका विद्यार्थ्याचा गुण दुरुस्त करावा. विद्यार्थ्यांनी फोनवरून गृहपाठ द्यावा आणि आपला गुण शोधावा. कंपनीच्या माणसाने खोलीबाहेर थांबावे. कोण कुठे अडले, याची नोंद आपल्या कर्मचाऱ्याने ठेवावी. शेवटी प्रत्येकाकडून जॉन ब्रुक यांनी १९८६ मध्ये तयार केलेली दहा विधानांची वापरसुलभता-प्रश्नावली भरून घ्यावी. तिचे गुण शंभरपैकी निघतात आणि ६८ ही साधारण सरासरी धरली जाते. सहाच जणांच्या उत्तरांवरून दोन-चार गुणांच्या फरकाला महत्त्व देऊ नये, पण एखादी प्रणाली पन्नाशीतच राहिली तर ती बाजूला ठेवावी. करारात एक कलम मात्र आग्रहाने घालून घ्यावे : उद्या प्रणाली बदलायची झाल्यास विद्यार्थ्यांचे गुण, उत्तरपत्रिका आणि शिक्षकांचे प्रश्नसंच इतरत्र उघडता येतील अशा स्वरूपात, वेगळे शुल्क न घेता, परत मिळाले पाहिजेत.