गुरगुर दाबू नका

प्रश्न : आमचा चार वर्षांचा लॅब्रॅडॉर जेवताना कुणी जवळ गेलं की गुरगुरतो. ट्रेनरच्या सांगण्यावरून मध्येच भांडं काढून घ्यायला लागलो, 'मालक कोण ते कळू दे' म्हणून. गेल्या आठवड्यात मुलाच्या हाताला दात लागला. काय करावं? (ठाणे)

उत्तर : आधी हाताचं बघा. नुसतं खरचटलं असलं तरी ती जागा साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायची असते. धुतली असो वा नसो, आजच डॉक्टरांकडे जा. कुत्र्याला रेबीजची लस दिलेली आहे म्हणून टाळू नका.

आता भांड्याचं. 'मालक कोण' ही कल्पना प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिस्त लांडग्यांवर केलेल्या, 1947 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांतून पसरली. ती लोकप्रिय करणारे लांडग्यांचे अमेरिकी अभ्यासक डेव्हिड मीच (Mech) यांनीच पुढे ती मोडीत काढली : रानातला कळप म्हणजे बहुतेकदा आई, बाप आणि त्यांची पिल्लं. तुमचा कुत्रा सत्ता गाजवत नाही, घास जाईल म्हणून घाबरतो. आणि तुम्ही भांडं उचललंत, म्हणजे त्याची भीती खरीच ठरवलीत. गुरगुरल्यावर ओरडलात तर गुरगुर थांबेल, भीती राहील. मग थेट चावाच.

पशुवैद्यकांकडून दात, कान आणि सांधे तपासून घ्या. दुखणं असेल तर खालचा सराव वाया जातो.

आजपासून त्याला वेगळ्या खोलीत, दार लावून जेवू द्या. मुलाला या सरावात घेऊ नका. मोठ्यांपैकी एकानेच रोज एका जेवणाला करायचं ते असं : तो सैल अंगाने खात राहतो ते अंतर शोधा. अंग ताठरलं, खाण्याचा वेग वाढला, तोंड भांड्यात खुपसून डोळ्याचा पांढरा भाग दिसू लागला, तर तुम्ही फार जवळ आलात. समजा अंतर 3 मीटर निघालं. तिथवर चालत जा, वाटाण्याएवढा उकडलेल्या चिकनचा तुकडा भांड्याच्या दिशेने टाका, लगेच मागे फिरा. पाच-सहा वेळा, बस्स. तुमची चाहूल लागताच तो मान वर करून 'आलं का?' अशा नजरेने बघायला लागला, की अंतर एका फुटाने कमी करा. काम बिघडतं ते बहुधा चौथ्या-पाचव्या दिवशी : 'काल काही केलं नाही' म्हणून आपण थेट भांड्यापाशी जातो. मुलाला दात लागलेला असल्याने हे सगळं जाणकाराच्या देखरेखीखालीच करा.

प्रश्न : कुत्र्याच्या वागण्याचा जाणकार ओळखायचा कसा? मलाही या व्यवसायात यायचं आहे. (नाशिक)

उत्तर : ट्रेनर 'बस', 'ये' शिकवतो, वर्तनतज्ज्ञ भीती, चावे, एकटेपणाची घबराट यांवर काम करतो. आपल्याकडे 'वर्तनतज्ज्ञ' ही उपाधी कुणीही लावू शकतो. ब्रिटनमध्येही ती कायद्याने राखीव नाही, पण तिथल्या अ‍ॅनिमल बिहेवियर अँड ट्रेनिंग कौन्सिलच्या नोंदवहीत ट्रेनर आणि क्लिनिकल बिहेवियरिस्ट (म्हणजे वर्तनतज्ज्ञ) वेगळे नोंदवलेले असतात.

चांगल्या तज्ज्ञाची पहिली भेट बघणाऱ्याला कंटाळवाणी वाटेल. दीड-दोन तासांतला बराच वेळ प्रश्नांत जातो : चावण्याआधीच्या मिनिटात कोण कुठे होतं? नंतर घरच्यांनी काय केलं? झोप किती, शी कशी? 'मला चावून दाखव' म्हणून कुत्र्याला कधी चिथावत नाहीत, व्हिडिओ मागवतात. औषधाची गरज वाटली तर पशुवैद्यकाकडे पाठवतात, स्वतः देत नाहीत. शेवटी लेखी योजना हातात पडते. 'पंधरा दिवस आमच्याकडे ठेवा, हमखास सुधारून देतो' म्हणणाऱ्याला आणि गळ्याला टोचणारा काट्यांचा पट्टा वापरणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पडा. या व्यवसायात यायचं तर कुत्र्यांइतकंच घाबरलेल्या, एकमेकांना दोष देणाऱ्या कुटुंबाचं ऐकून घेणं जमायला हवं.

प्रश्न : आम्ही कामावर गेलो की कुत्री भुंकते, सोसायटीची तक्रार आहे. (पिंपरी)

उत्तर : मोबाइल रेकॉर्डिंगला लावून जा आणि पहिला अर्धा तास बघा. लिफ्टच्या आवाजाला भुंकून ती परत झोपत असेल, तर तिची जागा दारापासून लांब, आतल्या खोलीत करा. लाळ गाळत दार ओरबाडत असेल, आवडता खाऊही शिवत नसेल, तर ती एकटेपणाची घबराट आहे, वर्तनतज्ज्ञाकडे न्या. पिंजऱ्यात कोंडू नका, दात आणि नखं तुटतात. उपचार चालू असेपर्यंत तिला एकटीला ठेवू नका, शेजारच्या आजींकडे का होईना.