घोडीला टोचणार नाही असा स्पर (बुटाच्या टाचेला बांधायचा इशाऱ्याचा काटा) कोणता घ्यावा?

प्रश्न: भाऊ, नमस्कार. माह्याकडं काठियावाडी घोडी हाये, सात वर्षांची. वावरात चक्कर नाहीतर सकाळचा फेरफटका, एवढीच स्वारी. पहिले बरी चालायची, आता टाच मारली तरी ढिम्म. भाच्यानं शहरातून चक्रीवाले स्पर आणून देल्ले, म्हनते हे घाल, सरळ होते. पन त्या चक्रीचे दाते पाहूनच मले कसंतरी होते. घोडीले टोचनार नाई असा स्पर कोनता? (एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर: भाऊ, ते चक्रीवाले स्पर सध्या खुंटीलाच राहू द्या. तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते 'पहिले बरी चालायची' हे वाक्य. जी घोडी चालत होती आणि आता चालत नाही ती आळशी झाली असं लगेच धरू नका, पुष्कळदा तिला कुठंतरी दुखत असतं. खोगीर उतरवा आणि मणक्याच्या दोन्ही बाजूंनी बोटांनी हळूहळू दाबत खांद्यापासून कमरेपर्यंत जा, एखाद्या जागी ती पाठ खाली घेते का, कान मागं टाकते का, शेपटी झटकते का ते बघा. तंगाखालची (खोगीर आवळायच्या पट्ट्याखालची) कातडी बघा, खूर उचलून बघा, आणि दात डॉक्टरांकडून तपासून घ्या, कारण दाढांना धार आली की लगाम घातल्यावर तोंडात बोचतं आणि मग घोडं पुढं जायलाच मागत नाही. अजून एक, टाच मारताना तुमचा हात नकळत लगाम तर ओढत नाही ना? एक्सलेटर आणि ब्रेक सोबत दाबल्यावर गाडीनं करायचं काय?

हे सगळं ठीक निघालं तर तिला पायाची भाषा परत शिकवा. आधी पोटरीचा हलका दाब, नाही ऐकलं तर थोडा जास्त, तरी नाही तर पायामागं छडीचा एक टिचका, आणि तिनं पाऊल उचललं रे उचललं की दाब तिथंच सोडायचा. ही सोडण्याची वेळ फार महत्त्वाची आहे, दाब सुटला यावरूनच तिला कळतं की आपण बरोबर केलं. सारखी टाच मारत राहिलं तर तिची टाचेची जाणीवच मरून जाते, तुमच्या घोडीचं तसंच झालं असेल तर नवल नाही. स्पर हा घोडं पळवायचा नाहीच, पायाचा इशारा जरा नेमका करायचा असतो.

आता खरेदीचं. आपल्याकडं तुतारीला, म्हणजे बैल हाकायच्या काठीला, टोकदार आर लावायची सवय बैलांपासूनची, त्यामुळे टोकदार असलं की जनावर चालतं असं डोक्यात बसलंय. पण घोड्याच्या अंगावर साधी माशी बसली तर ते तेवढीच कातडी थरथरवून तिला उडवतं, एवढं त्याला कळतं, त्याला आर कशाला लागते? पहिला स्पर घ्यायचा तर मान (टाचेपासून मागं निघणारा दांडा) आखूड, एक-दीड सेंटीमीटरची, आणि टोक गोल, बोथट. दुकानात प्रिन्स ऑफ वेल्स म्हणून जो मिळतो त्याचं टोक सपाट बोथट असतं, तो चालेल, पण कडा गुळगुळीत हव्या. त्याहून मऊ म्हणजे टोकाला गोळी असलेला, ती गोळी फिरती असेल तर अजून चांगलं, अंगावर घासत नाही. प्लास्टिकच्या गोल टोकाचेही येतात. चक्री सरसकट वाईट असं मी म्हणणार नाही, भरपूर बोथट दाते असलेली आणि मोकळी फिरणारी चक्री कधीकधी एका टोकदार काट्यापेक्षा सौम्य असते, पण ती धूळ-केसांनी अडकली की फिरायच्या ऐवजी खरवडते, म्हणून नवीन माणसानं तिच्या वाटेला जाऊ नये.

तुमचे पाय लांब आणि घोडी बुटकी असेल तर टाच पोटाच्या खाली जाते, तेव्हा मान थोडी लांब लागते. पाय आखूड असतील तर आखूडच, नाहीतर प्रत्येक हिसक्याला न सांगता टोचत राहील.

घेताना कापसाचा बोळा त्या टोकावरून फिरवा, यवतमाळात कापसाला काय तोटा! एक जरी तंतू अडकला तरी तो स्पर परत द्या. लोहाराकडून करून घेतला तर हीच परीक्षा घ्या, कानशीनं घासून नुसतं चालत नाही, वरून पॉलिश पेपर मारायलाच लावा. मग स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूला दाबून बघा.

घालताना मानेचा बाक खाली, बक्कल बाहेरच्या बाजूला, आणि पायात टाचेचा बूट पाहिजे. चपलेवर किंवा स्पोर्ट शूजवर स्पर सरकतो आणि भलतीकडं लागतो. पहिले काही दिवस स्वारी झाल्यावर तंगाच्या मागची जागा हातानं चाचपा. केस तुटलेले, उलटे झालेले, कातडी गरम लागली तर स्पर बंद. खोल जखम झाली तर पुढं तिथं पांढरे केस येतात, ते आयुष्यभर दिसतात. जखमेवर जळकं ऑइल वगैरे काही लावू नका, स्वच्छ पाण्यानं धुवा, माशा बसू देऊ नका आणि डॉक्टरांना धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा, घोड्याला धनुर्वात फार लवकर धरतो.

आणि भाच्याला हेही सांगा की भारवाहू जनावरांसाठी केंद्राचे 1965 चे नियम आहेत, त्यात स्वारीसाठीसुद्धा काटेरी लगाम किंवा जखम करणारं टोकदार साहित्य वापरायला मनाई आहे.

प्रश्न: मुलगा बारा वर्षांचा आहे, स्वारी शिकतोय, त्याला लहान स्पर घेऊन द्यावे का? (एक वाचक, जि. अकोला)

उत्तर: नाही, ताई. त्याची मांड पक्की होऊन दुडक्या चालीत पाय हलायचा थांबेपर्यंत अजिबात नको, कारण पाय हलला की काटा आपोआप लागतो आणि घोडं उधळलं तर खाली पडणारा तो असतो. तोवर पोटरीच्या इशाऱ्यावर चालणारी शांत घोडी द्या, आणि हेल्मेट पहिल्या दिवसापासून.