मॉडेल टीला हँडल मारण्याआधी
फोर्डची ही जुनी गाडी पुढचं हँडल फिरवून सुरू करायची असते. कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) उघडायची घाई करू नकोस. हिचं इंजिन साधं आहे: चार सिलिंडर, २.९ लिटर, जेमतेम २० हॉर्सपॉवर. खरी भीती हँडलची. आधी स्टिअरिंगखालची डावी दांडी पूर्ण वर कर, म्हणजे स्पार्क उशिरा पडेल. नाहीतर हँडल उलटं फिरून मनगट मोडतं. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेव आणि हँडल खालून वर खेच. मी एकदा दांडी विसरलो. पंधरा दिवस डाव्या हाताने जेवलो.

पहिल्या अडीचेक हजार गाड्या सोडल्या तर या इंजिनाला थंड ठेवायला पाण्याचा पंपच नाही. गरम पाणी आपोआप वर चढतं, थंड खाली येतं, बस्स. म्हणून गाळाने तुंबलेला रेडिएटर आधी साफ कर.