मेलेल्या वानराची खबर

प्रश्न : मी बारावीला आहे. आमची काजूची बाग आहे. माकडतापाच्या वेळी वाडीत आलेले प्राण्यांचे डॉक्टर बघितले, तेव्हापासून तेच काम करायचं मनात आहे. बाबा म्हणतात, डॉक्टर व्हायचं तर माणसांची हो. त्यांना काय सांगू?
– एक विद्यार्थिनी, दोडामार्ग तालुका

उत्तर : बाबांना सांग, मी माणसांसाठीच जंगलात जाणार आहे. १९५७ साली कर्नाटकात क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली आणि भोवतालच्या गावांत ताप पसरला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने त्यामागचा विषाणू शोधला. २०१६ मध्ये तोच माकडताप तुमच्या तालुक्यात आला. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी पातेऱ्यात, म्हणजे वाळल्या पानांच्या थरात उतरतात आणि त्या चावल्या की माणसाला ताप येतो. त्यांची पिल्लं खसखशीएवढी, पटकन दिसतही नाहीत. त्यांचा जोर नेमका काजूच्या हंगामात. म्हणून माकड मेलेलं कळलं की आम्ही प्राण्यांचे डॉक्टर पन्नास मीटरपर्यंत मॅलॅथिऑन या कीटकनाशकाची पावडर मारतो, नमुने घेतो. खबर लवकर मिळाली तरच त्याचा उपयोग.

माझ्या पहिल्या हंगामात एका काकींनी मेलेलं वानर पाचव्या दिवशी दाखवलं. "बाग बंद करतले म्हणान गप रवलंय," म्हणाल्या. घरात सून तापाने फणफणली होती, तपासणीत माकडतापच निघाला. ती वाचली, पण ते पाच दिवस मला अजून सलतात. काकींचा राग मला आला नाही. वर्षाची कमाई त्या झाडांवर होती आणि खबर दिली तर पुढे काय होतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून हंगामाआधीच वाडीवाडीत जाऊन बसते. तू तर त्यांच्यातलीच, त्यांच्या बोलीत बोलणारी. ही गोष्ट कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत.

शिक्षणाचं म्हणशील तर ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा द्यायची, मग इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांची बीव्हीएससी, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरची पदवी. मुंबईत परळला, साताऱ्यात शिरवळला कॉलेजं आहेत. पुढे एमव्हीएससीला, म्हणजे त्यातल्या पदव्युत्तर पदवीला, पशुवैद्यकीय सार्वजनिक आरोग्य किंवा साथरोगशास्त्र घे.

तोवर एक काम आजपासून कर. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला किंवा वनरक्षकांना कळव. आई बागेतून आली की तिच्या काखेत, गुडघ्यामागे, केसांच्या मुळाशी बघ. गोचीड सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढ, बोटांनी चिरडू नकोस.