तारखेचा साचा बरोबर असला, तरी तारीख खरी आहे ना?
वापरकर्त्याने भरलेली तारीख तपासण्यासाठी तुम्ही लिहिलेले रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुराचा साचा जुळवून पाहणारे सूत्र) '२०२३-०२-३१' ही तारीख बिनदिक्कत स्वीकारते, कारण ते केवळ अंकांची मांडणी पाहते. फेब्रुवारीत किती दिवस असतात, हे त्याला ठाऊक नसते. जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेतील डेट ऑब्जेक्टवरही (तारखा हाताळणाऱ्या तयार घटकावरही) सगळा भार टाकू नका. त्याला वर्ष २०२३, महिना १ आणि दिवस ३१ असे तीन आकडे दिले, की ते कसलीही चूक न दाखवता ३ मार्च २०२३ ही तारीख तयार करते. तिथे महिने शून्यापासून मोजले जातात, म्हणून १ म्हणजे फेब्रुवारी. नवशिके इथे हमखास फसतात. म्हणून आधी साचा तपासा, मग स्ट्रिंगमधील (म्हणजे भरलेल्या मजकुरातील) वर्ष, महिना आणि दिवस वेगळे काढून त्यांपासून तारीख बनवा, आणि तयार झालेल्या तारखेचे तिन्ही घटक मूळ आकड्यांशी ताडून पाहा. एक जरी जुळला नाही, तरी ती तारीख नाकारा.

नुसती '२०२३-०३-०५' अशी वेळेविना स्ट्रिंग दिल्यास जावास्क्रिप्ट ती यूटीसीतील (जागतिक प्रमाणवेळेतील) मध्यरात्र मानते; भारतात तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात, पण न्यूयॉर्कमधील वापरकर्त्याला ४ मार्च दिसतो. तारीख खरी असल्याची वरील तपासणी सर्व्हरवरही अवश्य करा, कारण ब्राउझरमधली तपासणी कोणालाही टाळता येते.